सत्तेचाळीसला सांग

आमच्या घरात भाऊचं नाव घ्यायला बंदी झाली, तेव्हा आईनं त्याला नंबरानं ओळखायला सुरुवात केली. नंबर सत्तेचाळीस. तो तिनं मनानं शोधलेला नव्हता, मीच तिला सांगितला होता आणि तो कशाचा हे समजावताना मला घाम फुटला होता. आज बारामतीत मी पोरापोरींना हाच विषय शिकवते. फळ्यावर चार आकडे लिहिते, मध्ये तीन ठिपके देते आणि म्हणते, हा कॉम्प्युटरचा पत्ता. पोरं खाली मान घालून मोबाईल बघत असतात. त्यांच्या हातातल्या यंत्रालाही असाच पत्ता आहे, याचं त्यांना काडीचं कौतुक नाही. मला मात्र पंचवीस वर्षं होत आली तरी तो चौथा आकडा लिहिताना सत्तेचाळीस टाळावा लागतो. चुकून लिहिला गेलाच, तर डस्टर घेऊन पुसते आणि पाणी प्यायच्या निमित्तानं दाराबाहेर जाऊन येते.

आमचं घर बारामतीजवळ सांगवीच्या शिवारात, रानातच. तात्या, म्हणजे माझे वडील, भाजीपाला करत. कारली, गवार, वांगी, मधूनच दोडका. घरात घड्याळ होतं, पण त्याची गरज कुणाला पडत नसे. विहिरीवरची मोटर घुमायला लागली की उठायचं, आईची भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज आला की तोंड धुवून चुलीपाशी बसायचं आणि मार्केट यार्डाकडे निघालेल्या टेम्पोनं बांधावर हॉर्न दिला की क्रेट उचलायला पळायचं. चांगली वांगी बाजारात आणि किडकी घरात, हा आमच्याकडचा कायदा. आई किडका भाग इतक्या निगुतीनं कापून टाकायची की उरलेल्या तुकड्यांची भाजी बघून पाहुणे म्हणत, वा, बारीक चिरून केलीत होय. मी बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत अख्खं भरलं वांगं फक्त लग्नाच्या पंगतीत खाल्लं होतं, हे सांगितलं तर माझ्या मुलाला खोटं वाटतं.

भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. नाव हणमंत. आयटीआय करून तो इंदापूरजवळ लोणी देवकरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा साहेब म्हणाले, वायर ती वायर, हा बघेल. आणि त्यानं खरंच बघितलं. पुण्याहून आलेल्या इंजिनियरच्या मागंमागं फिरून तो सगळं शिकला आणि मग ती जोडणी त्याच्याच गळ्यात पडली. तेव्हा मी बारामतीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते आणि नेटवर्कच्या पेपरात सपशेल गटांगळ्या खात होते. इंग्रजी पुस्तकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. सरांनी एकदा प्रत्येकाला आपापल्या कॉम्प्युटरचा शेवटचा आकडा मनानं टाकायला सांगितला. मी ऐटीत आमच्या रानाचा गट नंबर टाकला, तीनशे बारा. मशीननं लाल फुली दाखवून तो नाकारला. दोनशे पंचावन्नच्या पुढचा आकडा तिथं चालतच नाही, हे मला कुठलं ठाऊक. वर्ग खदाखदा हसला. घरी येऊन सांगितलं तर तात्या गंभीर झाले. सात-बारावर आहे आणि मशीन नाही म्हणतंय म्हणजे काय, तलाठ्याला विचारलं पाहिजे, असं ते दोन दिवस म्हणत होते.

भाऊ सुट्टीला आला तेव्हा ही गोष्ट ऐकून पोट धरून हसला आणि मला हाताला धरून बागेत घेऊन गेला. कारल्याला पाणी चालू होतं. मोठ्या पाटातून पाणी येत होतं आणि तो खोऱ्यानं माती ओढून एका सरीचं तोंड बंद करत होता, दुसरीचं उघडत होता. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. लहानपणापासून शेकडो वेळा मीही दारं धरलं होतं, पण त्यात पुस्तकातलं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"पाण्याला ठावं असतं का, कुठल्या सरीत जायाचं?" भाऊनं विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग पहिल्या दाऱ्याला सगळी बाग ठावी असती का? न्हाय. त्याला एवढंच ठावं, वांग्याकडं का कारल्याकडं. कुठली सरी, ते पुढच्या दाऱ्यानं बघायचं. बास. एवढंच हाय तुझं राउटिंग."

मग त्यानं ओल्या मातीत काडीनं चार आकडे काढले. पहिले तीन म्हणजे रान, शेवटचा म्हणजे सरी. आपल्याच रानातलं असेल तर सरळ देऊन टाकायचं, दुसऱ्या रानातलं असेल तर बांधावरच्या मोठ्या दाऱ्याकडं सोडायचं, त्याची वाट तो बघतो. मी विचारलं, पण पाण्यात काय आहे हे दारं धरणाऱ्याला कळायला नको का? तो म्हणाला, "त्याचा काय संबंध? पाणी गोड का मचूळ ते चाखत बसला तर सरी वाळून जाईल की. त्यानं नंबर बघायचा आन पुढं सोडायचं." पुढच्या परीक्षेत मला त्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. सरांनी विचारलं, क्लास लावला होता का? मी म्हटलं, हो, कारल्यात.

त्याच वर्षी भाऊनं लग्न केलं. मुलगी त्याच्याच कारखान्यात पॅकिंगला होती, नाव रेखा, आमच्या जातीतली नव्हती. नोंदणी करून दोघं सांगवीला पाया पडायला आली. तात्यांनी त्यांना बांधाच्या आत येऊ दिलं नाही. आरडाओरडा केला नाही, हात उचलला नाही. फक्त म्हणाले की आजपासून ह्याचं नाव ह्या घरात कुणी घ्यायचं नाही. दोघं आली तशी परत गेली आणि इंदापुरात एक खोली घेऊन राहायला लागली. आई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गवार तोडत होती. तिचं तोंड मला दिसू नये म्हणून ती सतत पुढच्या ओळीत राहत होती.

घरात फोन नव्हता. शेजारी होता, पण त्यावर बोललेलं सगळ्या शिवाराला ऐकू जाई. राहिली ती मी आणि कॉलेजातला कॉम्प्युटर. भाऊच्या कारखान्यात ई-मेल होता आणि आमच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा तासभर इंटरनेट मिळायचं. त्याची पत्रं इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत यायची आणि ती वाचताना जीभ दाताखाली यायची. आईला मी हळूच सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, की त्याचा नंबर काय? तिच्या मते जिथून बोलणं येतं तिथं नंबर असतोच. भाऊनं एका पत्रात गमतीनं कळवलं होतं की सगळ्या कारखान्याला नंबर वाटून झाल्यावर त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरला सत्तेचाळीस ठेवला. तोच मी आधीचे तीन आकडे लावून सांगितला, एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, एक, सत्तेचाळीस. भाकरी थापता थापता तिनं तो दोनदा घोकला आणि मग विचारलं, हे पहिले तीन कशाचे? मी म्हटलं, ते तिथल्या सगळ्यांचे सारखेच असतात, गावासारखे. शेवटचा त्याच्या एकट्याचा.

"मग गाव कशाला पाठ करू?" आई म्हणाली. "सत्तेचाळीस तेवढं बास."

झालं. त्या दिवसापासून भाऊ सत्तेचाळीस झाला. नाव न घेता माणसाविषयी बोलायची आमच्याकडच्या बायकांना सवयच असते. जन्मभर तिनं तात्यांचं नाव घेतलं नव्हतं, त्यात आता मुलाची भर पडली. तात्या जेवायला बसलेले असताना ती बिनदिक्कत म्हणायची, सत्तेचाळीसला खोकला हाय का विचार. सत्तेचाळीसला शेंगाची चटणी धाडली हाय म्हणावं, डबा परत दे. तो डबा एस्टीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर बारामतीहून इंदापूरला जायचा आणि दोन दिवसांनी रिकामा परत यायचा, कधी कधी त्यात रेखावहिनीनं केलेला एखादा लाडू असायचा. तात्या मान वर करत नसत. त्यांना वाटायचं माझ्या कॉलेजातलं काहीतरी आहे, असं आम्ही दोघी समजत होतो.

नंतर सरांनी आम्हाला निरोपाची वाट कशी शोधायची ते दाखवलं. पडद्यावर एकेक टप्पा उमटत गेला आणि माझ्या लक्षात आलं की बारामतीहून इंदापूरला धाडलेलं माझं पत्र पुणं, मुंबई करत पार अमेरिकेला जातं आणि मग मागं फिरून भाऊला मिळतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, बिचारं लई दमत आसंल. त्याच तासाला सरांनी आणखी एक सांगितलं, ते मात्र मी तिला सांगितलं नाही. एकशेब्याण्णवपासून सुरू होणारा तसला नंबर फक्त त्या कारखान्याच्या भिंतीआत चालतो. बाहेरून त्या नंबरावर काही धाडलं तर पोचत नाही. आई जो आकडा चुलीपाशी बसून इतक्या मायेनं घोकत होती, त्याचा तिला काहीही उपयोग नव्हता. तिचं बोलणं माझ्याशिवाय भाऊपर्यंत जाऊ शकत नव्हतं आणि त्याचं तिच्यापर्यंत येऊ शकत नव्हतं. मधलं एकमेव दारं मी होते. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वही होता.

आठ-नऊ महिने असे गेले असतील. त्या पावसाळ्यानंतर आईला दम लागायला लागला. दोन ओळी तोडल्या की ती बांधावर बसायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ती म्हणायची बरं वाटतंय. त्याच सुमाराला मला एक स्थळ आलं, इंदापूर तालुक्यातलंच. मुलगा पुण्यात नोकरीला होता आणि मध्यस्थानं सांगितलं होतं की मुलीनं पुढं शिकावं, नोकरी करावी, अशी त्याचीच इच्छा आहे. तोवर मला बघून गेलेल्या तिघांपैकी एकानंही असलं काही काढलं नव्हतं. हे स्थळ मला हवं होतं. अगदी हवं होतं. तात्यांनी मध्यस्थाला सांगितलं होतं की मुलीला एक भाऊ आहे, बाहेरगावी असतो. त्यापुढं कुणी विचारलं नाही. रविवारी पाहुणे यायचे ठरले.

गुरुवारी सकाळी आई चुलीपुढं बसली होती. मी कॉलेजला निघाले तेव्हा तिनं थांबवलं आणि म्हणाली, "मंगल, सत्तेचाळीसला सांग, एकदा येऊन जा म्हणावं. तिला बी आण म्हणावं. तात्यांचं मी बघती." एवढं बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

त्या दिवशी लॅब बंद होती. शुक्रवारी मी कॉम्प्युटर उघडला, तर भाऊचंच पत्र आधी येऊन पडलेलं. शनिवार-रविवारची सुट्टी मिळाली आहे, दोघं येऊ का, आईला एकदा विचार, ती म्हणेल तसं करू. असं ते पत्र होतं. म्हणजे आईचा निरोप माझ्या तोंडात होता आणि भाऊचा माझ्या डोळ्यांपुढं. दोघांनी एकच मागितलं होतं. मी फक्त 'ये' एवढं लिहायचं होतं. माझा तासातला अर्धा वेळ त्या पडद्याकडं बघण्यात गेला. मला दिसत होतं की रविवारी पाहुणे पोहे खात बसलेत, बांधावरून भाऊ आणि रेखावहिनी येतायत, तात्या उठून उभे राहिलेत. मी निरोप चाखून बघितला. मग लिहिलं, आई म्हणते आत्ता नको, पुढच्या महिन्यात ये.

घरी येऊन आईला सांगितलं की त्याला सुट्टी मिळाली नाही. ती म्हणाली, असू दे, नोकरी हाय त्याची. आणि ताटलीतली मेथी निवडत राहिली. तिनं एकदा जरी खोदून विचारलं असतं तर मी बोलून गेले असते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी बोलले नसते.

रविवारी पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत आहे म्हणाले. मंगळवारी आई गवारीत बसली ती उठलीच नाही. चुलत्यानं आणि तात्यांनी तिला उचलून भाजीच्या टेम्पोत ठेवलं. क्रेट उतरवायलाही वेळ नव्हता. बारामतीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला रडू येत नव्हतं. मी मोजत होते. शनिवार ते मंगळवार, तीन दिवस. ती तीन दिवसांपूर्वी त्याला बघू शकली असती.

चुलत्यानं कारखान्यात फोन लावला. दुपारी भाऊ आणि रेखावहिनी आले. या वेळी त्यांना बांधावर कुणी अडवलं नाही. बायकांत चुलती मोठ्यानं रडत होती, आणि आमच्याकडे रडताना गेलेल्या माणसाचं मन बोलून दाखवतात, तसं ती बोलत होती. लेकाची वाट बघत गेली माझी बाई, सारखं रस्त्याकडं बघायची, त्याला सुट्टी मिळाली न्हाय म्हणून मंगलनं येऊन सांगितलं तर गप बसली. भाऊ आईच्या पायाशी बसला होता. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्याला काय कळलं आणि किती कळलं, ते मला त्याच्या डोळ्यांत दिसलं आणि मी खाली बघितलं.

तात्या जवळ आले. आठ-नऊ महिन्यांत ते लेकाशी पहिल्यांदा बोलत होते.

"सुट्टी मिळाली न्हाय व्हय रं?"

भाऊनं डोळे पुसले. मला वाटलं, आता तो सांगणार. त्यानं सांगावं असं एका बाजूला वाटत होतं आणि सांगू नये असंही.

"न्हाय मिळाली, तात्या," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मी त्याला भलंमोठं पत्र लिहिलं. माफी मागितली, कारणं दिली, पाहुण्यांचं सांगितलं, स्वतःला शिव्या घातल्या. त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं. मिळालं. त्यानंतर त्या वाटेनं त्यानं काही धाडलं नाही. धाडायचं कुणासाठी, तेही होतंच.

घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडे रीत. माझं चार महिन्यांत उरकलं. मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. तात्यांनी तो चुलतभावाला दिला. भाऊ पंगतीत भाताची बुट्टी घेऊन वाढत होता आणि कुणी नात्यातला विचारलं तर हसून म्हणत होता, इकडंच जास्त गरज हाय. लग्नानंतर दोन वर्षांनी एकदा सहज बोलणं निघालं तेव्हा नवरा म्हणाला की तुझ्या भावाच्या लग्नाचं आम्हाला बघायला यायच्या आधीच ठाऊक होतं, इंदापूर तालुक्यात असल्या गोष्टी राहतात होय लपून. आमच्या घरी कुणाला त्याचं काही वाटलंही नव्हतं, म्हणाला. मी उठून आत गेले आणि नळ सोडून किती वेळ उभी राहिले, आठवत नाही. ज्यासाठी मी ते केलं, त्याची गरजच नव्हती.

तात्या आईच्या मागं पुष्कळ वर्षं जगले. रेखावहिनीचं बाळंतपण झालं तेव्हा त्यांनी स्वतः डिंक आणि खारका धाडल्या. नातवाला मांडीवर घेतलं. पण भाऊ आला की ते उठून बागेत जायचे. मला वाटायचं, जातीचं अजून सुटलं नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, तात्या, आता किती दिवस धरून बसणार? ते वांग्याच्या रोपांना माती लावत होते, हात न थांबवता म्हणाले, "परक्याची पोरगी केली ते मी कवाच सोडलं. सत्तेचाळीस म्हंजी कोण ते बी मला ठावं हुतं, मी काय बहिरा हाय? मी म्हणायचो, बोलू दे दोघीस्नी. पर आई वाट बघत गेली आन ह्याला नोकरीतनं एक दिस निघंना, ते कसं सोडू? सांग की."

मी सांगितलं नाही. माझ्यापाशी शब्द तयार होते, पाचच शब्द होते, आणि तात्या माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, ऊन फार झालंय, घरात चला. त्यानंतर सहा वर्षं ते जगले. त्या सहा वर्षांतला प्रत्येक रविवार मी सांगवीत काढला आणि प्रत्येक रविवारी ठरवलं की आज सांगायचं. मी पोरांना शिकवते की मधल्यानं निरोप उघडायचा नसतो, अडवायचा तर नाहीच. पोरं वहीत लिहून घेतात.

तात्यांचा दहावा नीरेच्या काठी झाला. माणसं पांगली. भाऊ रिकामी पातेली गाडीत भरत होता, आता त्याचेही केस पांढरे झालेत. रेखावहिनी पुढं जाऊन बसली होती. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, भाऊ, सुट्टी तुला मिळाली होती, हे मी आता सगळ्यांना सांगणार आहे, लिहून काढणार आहे, मला हे आणखी पेलत नाही. त्यानं शेवटचं पातेलं ठेवलं, डिकी लावली आणि हात धोतराच्या फडक्याला पुसले. माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही.

"मला ठावंच हाय की गं," भाऊ म्हणाला. "तात्यांना सांगायचं हुतंस."